गाडीला तिचा स्वतःचा नकाशा हवा

मोटारीसाठी वाट दाखवणारे वेगळे जीपीएस यंत्र घ्यावे का, हा प्रश्न आता जळगाव-धुळ्याच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत क्वचितच कानावर पडतो. पंधरा-सतरा वर्षांपूर्वी चित्र निराळे होते. गार्मिनचे नूवी, मॅपमायइंडियाची यंत्रे, हैदराबादच्या सॅटनॅव्हचे सॅटगाइड ही नावे हौशी मोटारवाल्यांच्या तोंडी असत आणि हातभर अंतरावरून दिसणाऱ्या छोट्याशा पडद्यासाठी लोक चांगले पैसे मोजत. पुढे स्मार्टफोन स्वस्त झाले, गूगलचा नकाशा फुकट हाती आला आणि काचेवरचे ते यंत्र अडगळीत गेले. खिशातल्या फोनात सगळे असताना आणखी काही हजार रुपये कशाला घालवायचे, हा हिशेब वरवर बिनतोड आहे. पुण्या-मुंबईत तो बहुतांशी खराही आहे. पण खान्देशात गाडी चालवणाऱ्याने तो जसाच्या तसा उचलू नये. इथले ऊन, इथला सातपुडा आणि इथले रस्ते पाहता वाट दाखवणारे साधन बोलण्याच्या फोनपासून वेगळे असावे आणि त्याचा नकाशा त्याच्या पोटातच साठवलेला असावा, असे माझे ठाम मत आहे. ते साधन दुकानातून आणलेले तयार यंत्र असावे की घरात पडून असलेला जुना फोन, हा प्रश्न त्यानंतरचा.

या विषयावर बोलताना आधी एक गैरसमज दूर करावा लागतो. रेंज गेली की जीपीएस बंद पडते, असे अनेकांना वाटते. अमेरिकेची ही व्यवस्था १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाली. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह वेळेचे संकेत अखंड पाठवत असतात. किमान चार उपग्रहांचे संकेत हाती आले की ते पोहोचायला किती वेळ लागला यावरून खालचे यंत्र आपली जागा काढते. यात मोबाइल टॉवरचा संबंध कुठेच येत नाही. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत जाणारा फरक दहा-वीस मीटरवर आला आणि त्यानंतरच मोटारीतल्या वापराला खरा अर्थ आला. भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात उपग्रह सोडून ‘नाविक’ ही स्वतःची व्यवस्था उभारली. त्यातल्या काही उपग्रहांची घड्याळे बिघडली, म्हणून २०२३ पासून नव्या पिढीचे उपग्रह सोडण्याचे काम सुरू झाले. यंत्र नाविकचे संकेत घेत असेल तर बरेच. पण केवळ त्या नावासाठी जास्त पैसे मोजण्याची वेळ अजून आलेली नाही. रेंज लागते ती नकाशाला. फोन आपली जागा आकाशाकडून घेतो, पण त्या जागेभोवतीचे रस्ते बहुतेक वेळा टॉवरकडून मागवतो. टॉवर गेला की निळा ठिपका कोऱ्या करड्या पडद्यावर चालत राहतो.

खान्देशात हा कोरा पडदा कुठे भेटतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. रावेरहून पालकडे चढताना, यावलच्या अभयारण्यात, चोपड्याहून वैजापूरच्या जंगलात, शिरपूरच्या उत्तरेला बोराडीच्या पुढच्या पाड्यांत, चाळीसगावच्या दक्षिणेला पाटणादेवी आणि गौताळ्याच्या डोंगरात रेंज येते-जाते. काही ठिकाणी दुसऱ्या राज्याचा टॉवर फोन ओढून घेतो. शिवाय फोन रोजच्या वापरात आपली जागा पटकन शोधतो, त्यामागे नेटवर्कची मदत असते. उपग्रहांची माहिती त्याला आधीच पुरवलेली असते. ती मदत नसेल तर ही माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि जीपीएसचा एक पूर्ण संदेश उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. जागा निश्चित करायला संपूर्ण संदेशाची गरज नसते, तरीही डोंगराच्या कुशीत, झाडांखाली, बंद करून पुन्हा चालू केलेला फोन बराच वेळ चाचपडत राहतो. निघण्यापूर्वीच मोकळ्या आकाशाखाली सुरू केलेले आणि सगळा नकाशा पोटात असलेले साधन तिथे बिनघोर चालते. त्याला सिम कार्डही लागत नाही.

आता उन्हाकडे येऊ, कारण या वादात उन्हाचा मुद्दा कोणी घेत नाही आणि आपल्याकडे तोच सर्वांत भारी आहे. मे महिन्यात भुसावळ आणि जळगावचा पारा ४५ अंशांवर जाणे ही बातमी राहिलेली नाही. ॲपल कंपनी आपला फोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरावा असे सांगते, आणि ४५ अंशांवर तो बंद स्थितीतही ठेवू नये असे बजावते. गार्मिनच्या मोटारीतल्या अनेक यंत्रांची वापराची मर्यादा ५५ अंशांपर्यंत दिलेली असते. हा फरक कागदावरचा वाटतो, पण डॅशबोर्डवर तो थेट दिसतो. दुपारी दोन वाजता समोरच्या काचेतून ऊन थेट फोनच्या पाठीवर येते. फोन त्याच वेळी चार्ज होत असतो, पडदा पूर्ण उजेडावर असतो, इंटरनेट सुरू असते आणि उपग्रहांचे संकेतही घेतले जात असतात. उष्णतेचे चारही झरे एकत्र वाहू लागले की फोन आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी तापमान उतरेपर्यंत बंद राहण्याची सूचना दाखवतो. वाट गेली एवढ्यावर हे थांबत नाही. गाडी बंद पडली, अपघात झाला, कोणाला दवाखान्यात न्यायचे आहे, अशा वेळी ज्या फोनने मदत मागायची तोच फोन आपण वाट दाखवण्याच्या कामाला जुंपून तापवून ठेवलेला असतो. दोन कामे दोन साधनांवर सोपवावीत, असे म्हणण्यामागे हे मुख्य कारण आहे.

कायद्याचाही कल त्याच बाजूला आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील बदलानुसार गाडी चालवताना फोनसारखे साधन केवळ वाट पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. ज्या पडद्यावर वाट दिसते त्याच पडद्यावर फोन वाजतो, व्हॉट्सॲपचा निरोप उमटतो, बँकेचा संदेश येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. आलेला फोन कोणाचा आहे हे पाहून तो बाजूला सारायला तीन सेकंद लागले तरी गाडी साठ मीटरहून पुढे गेलेली असते. सुरत-नागपूर मार्गावर पुढचा ट्रक एवढ्या अंतरात सहज थांबतो. फक्त वाट दाखवणाऱ्या साधनावर हा मोह येतच नाही.

मग घ्यायचे काय? रोज बाहेर असणाऱ्याने, म्हणजे टॅक्सीचालक, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, खेड्यापाड्यांत फिरणारी रुग्णवाहिका यांनी, तयार यंत्रावर खर्च करावा. त्याचा पडदा उन्हात वाचता येईल असा असतो, काचेला धरून ठेवणारा स्टँड दमदार असतो आणि ते उन्हाळ्यात टिकते. महिन्या-दोन महिन्यांतून लांब जाणाऱ्या कुटुंबाला माझा सल्ला वेगळा आहे. नवा फोन घेतल्यावर कपाटात गेलेला जुना फोन बाहेर काढावा, त्यात नेटशिवाय चालणारा नकाशा उतरवावा आणि तो गाडीपुरता ठेवावा. जुना फोनही तापतो, हा आक्षेप बरोबर आहे. त्याला एसीच्या जाळीसमोर बसवावे, गाडी उभी केली की काढून घ्यावे, आणि इतके करूनही तो बंद पडला तर निदान बोलण्याचा फोन खिशात थंड असतो. नकाशासाठी पर्याय पुरेसे आहेत. गूगलचा ठरावीक भाग उतरवून घेता येतो, मात्र तो वेळोवेळी ताजा करावा लागतो आणि नेट नसताना त्यात वाहतुकीची स्थिती व पर्यायी मार्ग दिसत नाहीत. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून घडवलेल्या नकाशावर ऑस्मअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप चालतात. त्यांत मोठा प्रदेश एकदम उतरवून ठेवता येतो. परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने दिलेले यंत्र मात्र तपासल्याशिवाय भरवशाचे धरू नये. त्यात बहुधा त्याच देशाचा नकाशा असतो आणि भारताचा वेगळा विकत घ्यावा लागतो.

यंत्र निवडताना लोक पडद्याचे इंच मोजतात. मोजायचा असतो तो नकाशा. तो किती जुना आहे, नवा कसा मिळतो, त्याचे पैसे पडतात का, आणि ‘आयुष्यभर मोफत’ म्हणजे कोणाच्या आयुष्यभर, हे आधी विचारावे. यंत्राचे उत्पादन थांबले की हे वचनही थांबू शकते. त्याहून महत्त्वाची परीक्षा गावे शोधण्याची. ती दुकानातच, नेट बंद करून घ्यावी. वैजापूर टाकून पाहावे. चोपडा तालुक्यातले वैजापूर हवे असताना यंत्राने छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले तालुक्याचे वैजापूर तेवढेच पुढे केले, तर ते आपल्या कामाचे नाही. पाल टाकावे, रावेरचे पाल आणि सातारा जिल्ह्यातले खंडोबाचे पाल ही दोन्ही तालुक्याच्या नावासह दिसली पाहिजेत. शिरसोली टाकावे. जळगावजवळच्या या गावाचे शिरसोली प्र. न. आणि शिरसोली प्र. बो. असे दोन भाग कागदोपत्री आहेत. खान्देशातल्या कितीतरी गावांच्या नावांपुढे जुन्या परगण्यांची अशी अक्षरे लागलेली आहेत आणि सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेवर, कुरियरच्या पाकिटावर ती येतात. यावलचे स्पेलिंग कोणी डब्ल्यूने करतो, कोणी व्हीने. दोन्हींनी गाव सापडले पाहिजे. महामार्गांचे नवे क्रमांक २०१० मध्ये ठरले, त्यामुळे लोकांच्या तोंडी असलेला सहा नंबर हायवे आता ५३ आहे, आणि धुळ्याहून चाळीसगावमार्गे संभाजीनगरला जाणारा २११ आता ५२ आहे. यंत्राच्या आवाजात नवा क्रमांक आणि रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी जुना, अशी गाठ पडली की अनोळखी चालक गोंधळतो. म्हणून दिशा सांगताना पुढच्या मोठ्या गावाचे नाव घेणारे यंत्र मी अधिक पसंत करेन.

धुळे शहरातली परीक्षा आणखी बारीक आहे. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे खान्देशाचे मुख्य ठिकाण केले आणि पेठ आखून वसवली. त्या आखणीतल्या समांतर गल्ल्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात. पत्ता म्हणून गल्ली नंबर सहा याहून सोपे काही नाही. पण दोन गल्ल्यांमधले अंतर थोडे, दोन्हीकडे उंच इमारती, आणि भिंतींवरून परतून आलेले संकेत यंत्राला फसवतात. पाचवीत असलेली गाडी नकाशावर सहावीत दिसू शकते. हा दोष महागड्या यंत्रातही पूर्ण जात नाही. तिथे गाडी चौकात उभी करून पायी जाणे हाच शहाणपणा.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की साठवलेला नकाशा म्हणजे शिळा नकाशा. तो मी हलका मानत नाही. जळगाव-चोपड्याच्या वाटेवर तापीवर खेडी-भोकरी ते भोकर असा तात्पुरता पूल वर्षानुवर्षे पावसाळा संपल्यावर उभारला जात आला आणि पावसाळ्याआधी काढला जात आला. विदगावमार्गे पडणारा फेरा त्याने वाचतो. आता तिथे पक्क्या पुलाचे काम हाती घेतले गेले आहे. वर्षातले काही महिने असणारा आणि काही महिने नसणारा रस्ता साठवलेल्या नकाशाला कसा कळावा? कन्नडचा औट्रम घाट ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे दरडी कोसळून बंद झाला, त्याच रात्री तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगाव पाण्यात गेले. पुढे ऑगस्ट २०२३ पासून औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना त्या घाटात बंदी आली. जळगावात शिवाजीनगरचा जुना रेल्वे पूल पाडून नवा उभा राहीपर्यंत शहराचा तो सारा भाग वळसे घालत राहिला. यांतले काहीही जुन्या नकाशात सापडणार नाही.

पण हा आक्षेप घेणारे एक गोष्ट गृहीत धरतात, की इंटरनेटवरचा नकाशा ताजा असतो. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूलजवळ, पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्रीच्या वेळी एक मोटार गेली आणि चालकाचा जीव गेला. गाडीतले लोक फोनवरच्या नकाशाच्या आधाराने निघाले होते. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. तिथेही वाट फोनच दाखवत होता. दोन्ही ठिकाणी भरवसा फोनवरच्या थेट नकाशावर होता आणि जाण्याजोगा पूल नव्हता. थेट नकाशाला ताजी राहते ती मुख्यतः गर्दीची माहिती, कारण ती रस्त्यावरच्या शेकडो फोनांच्या वेगावरून आपोआप कळते. ज्या आडरस्त्यावर रात्रीत चार गाड्या जातात, तिथे ही पद्धत लंगडी पडते. मुंबईत गर्दीची माहिती तासभर वाचवते. पारोळा ते अमळनेर किंवा साक्री ते पिंपळनेर या वाटांवर गर्दीपेक्षा रस्ता शाबूत आहे की नाही, हे कळणे अधिक मोलाचे असते आणि ते दोन्ही नकाशांना सारखेच अवघड आहे. त्यामुळे घरच्या वायफायवर निघण्याच्या आदल्या दिवशी नकाशा ताजा करावा, पावसाळ्यात मुक्कामाच्या गावी एक फोन करून रस्त्याची चौकशी करावी आणि खिशातला फोन वाटेत घाट सुरू होण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावा. वेगळे यंत्र घेतले म्हणजे फोन फेकून दिला, असे कोणी सांगितलेले नाही.

दुसरा आक्षेप जुन्या माणसांचा आहे आणि मला तो मनापासून आवडतो. चहाच्या टपरीवर विचारा, कोणीही सांगेल. खान्देशात वाट विचारणाऱ्याला माणसे नुसती दिशा दाखवत नाहीत, वळणापर्यंत सोबतही येतात. गावाबाहेरच्या फाट्यापासून घराच्या ओट्यापर्यंतचा शेवटचा टप्पा तर कोणत्याही यंत्राने न्यावा असा नाहीच. तिथे विचारणेच उत्तम. अडचण आहे ती रात्री दोनची. तेव्हा टपरी बंद असते, फाट्यावर कुत्रेसुद्धा नसते आणि गाडीत दवाखान्यात न्यायचे माणूस असते. एकट्या बाईने गाडी चालवत असताना अंधारात थांबून अनोळख्याला विचारावे, असा आग्रहही कोणी धरू नये. केळीच्या हंगामात रावेर-सावदा-यावलच्या बागांकडे परप्रांतांतून ट्रक येतात. त्या चालकांना भाषाही नीट कळत नाही. विचारण्याची सोय ज्यांना नाही, त्यांच्यासाठी नकाशा आहे.

रस्ता शाबूत आहे की नाही हे कोणत्याच नकाशाला कळत नाही, याची जबाबदारी मात्र ग्राहकावर किंवा यंत्राच्या कंपनीवर ढकलून चालणार नाही. ही माहिती असते सरकारकडे. घाट बंद करायचा, पुलावरून जड वाहने थांबवायची, तर जिल्हाधिकारी मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली लेखी आदेश काढतात. तो आदेश सही-शिक्क्यासह स्कॅन होतो, व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतो, वर्तमानपत्रात छापून येतो. माणसाला तो वाचता येतो. पण नकाशा बनवणाऱ्या यंत्रणेला त्या स्कॅनमधून काहीच उचलता येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांच्या माहितीवरचे जुने निर्बंध सैल केले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. म्हणजे कायद्याची अडचण उरलेली नाही. जळगाव आणि धुळे जिल्हा प्रशासनाने प्रत्येक आदेशासोबत एक साधा तक्ता त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकावा: रस्ता कुठून कुठवर बंद, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या वाहनांना. तो गूगलने घ्यावा, मॅपमायइंडियाच्या मॅपल्सने घ्यावा, ओपनस्ट्रीटमॅपवर काम करणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या मुलानेही घ्यावा. सुरुवात पाण्याखाली जाणाऱ्या पुलांपासून व्हावी. बोरी, पांझरा, तितूर, वाघूर यांच्यावरचे कोणते फरशी पूल किती पाण्यात बुडतात, हे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागांतल्या अभियंत्यांना ठाऊक असते. त्या पुलांची यादी मे महिन्याच्या आत तयार करून तिच्यात अक्षांश आणि रेखांशाचे दोन रकाने भरले, तर येत्या पावसाळ्यापासूनच गाडीतल्या नकाशावर ते पूल धोक्याच्या खुणेने दाखवता येतील.